फ्रीजवाल्याच्या घरचा फ्रीज

—ओढू नका हो, पाय मोडतील त्याचे! तिरपा करा. हां. आणि त्यातला गॅस सिलिंडरमध्ये भरून नेणार? भंगारात जाणाऱ्या फ्रीजचाही? अगदी नियमाने? वा! आम्ही तीस वर्षं पक्कडीने नळी तोडत आलो – सुस्स झालं की गिऱ्हाइकाला सांगायचं, गेली बघा तुमची ब्याद! हसा, हसा. मेकॅनिक होतो मी, फ्रीजचाच. गल्लीत म्हणायचे, हा नुसता कान लावून दुखणं सांगतो – आणि मलाही ते खरंच वाटायला लागलं, तिथेच घोळ झाला.

म्हणजे बायको म्हणाली, अहो, दूध नासतंय. मी कान लावला. म्हटलं, कॉम्प्रेसर मस्त बोलतोय, तूच दार नीट लावत नाहीस. पुन्हा म्हणाली, पुन्हा मी कान लावला! आत थर्मामीटर ठेवून बघायला काय धाड भरली होती मला? तिचं इन्सुलिन त्यातच असायचं. भर उन्हाळ्यात महिनाभर बिचारी बिघडलेलं औषध टोचून घेत राहिली, आणि साखर वाढली की मी शहाणा तिलाच दटावायचो – चोरून गोड खातेस म्हणून! शेवटी ओट्यापाशीच कोसळली. आठ दिवस दवाखाना – नाही नाही, आहे, आता बरी आहे. भावाकडे आहे. फोन उचलते, पण एकच धोशा, तो फ्रीज घरातून जाईपर्यंत मी पाऊल टाकणार नाही. मी म्हटलं, अगं, दुरुस्त करतो की. तिने फोनच ठेवला.

काय? थर्मोस्टॅट बदलला की चालेल? अहो, ती दूध नासतंय म्हणाली ना, त्याच्या तिसऱ्याच दिवशी मला ते कळलं होतं! कान लावून नाही, आत हात घातला तेव्हा – बर्फच धरत नव्हता. पण मग तिच्यापुढे चूक कबूल करावी लागली असती ना? म्हटलं, दुपारी ती झोपली की गुपचूप बदलून टाकू, एवढ्यात काय होतंय... आणि आज-उद्या करत राहूनच गेलं. हे तिला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही – आणि तुम्हाला कशाला सांगत बसलोय मी?

द्या तो कागद, सही करतो. पावती दाखवली की ती येईल बघा. उद्याच येईल. दारात उभी राहून विचारेल, काय झालं होतं हो त्याला? आणि मी...

तुम्ही बघत काय बसलात? उचला ना. जाताना दार ओढून घ्या.