डावा कान

सिल्व्हर पार्कला कानाच्या डॉक्टरांकडे अंबिकाबाई नंबर लागायची वाट बघत होत्या. शेजारी कॉलेजच्या मॅडम आणि हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीतले कारखानदार शेठ बोलत बसले होते.

"मॅडम, कोर्स तुमचा एक नंबर. सहा आठवड्यांत पोरं नुसत्या आवाजावरून मशीनचा बिघाड पकडतायत."

"मग नोकरीच्या करारावर सही करा ना शेठ. तुम्ही नोकरी देणार असाल तरच कॉलेज प्रमाणपत्र देणार."

"करतो. पण सगळे डावाच कान मशीनला का लावतात? म्हणून तर सगळ्यांना इथे तपासायला आणलं. बाराही जणांचे उजवे कान ठणठणीत!"

"आम्ही नाही शिकवलं तसं."

"तुमच्या त्या जुन्या मिस्त्रींचं, काशीनाथमामांचं बघून शिकले असतील."

"मामा कोर्सच्या आधीच वारले. त्यांनी सांगितलेलं रेकॉर्ड केलंय, तेवढंच ऐकवून मी शिकवते."

"व्हिडिओ?"

"नाही. नुसता आवाज."

अंबिकाबाईंनी पदर सावरला. चाळीस वर्षं त्या काशीनाथमामांच्या, आपल्या नवऱ्याच्या, डाव्या हाताला बसत आल्या होत्या.

"बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांचा उजवा कान तरुणपणीच गेला होता."

मॅडमनी मान वळवून डावा कान पुढे केला.

"काय म्हणालात आजी? जरा इकडून बोला."