पर्चीवरचं नाव

गाझियाबादच्या व्यसनमुक्ती ओपीडीत नाव नोंदवून पर्ची घ्यायच्या रांगेत पुढचं जोडपं मराठीत भांडत होतं. मागे उभ्या शालिनीबाईही मराठीच, पण त्यांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही.

"पर्चीवर अथर्वचं नाव सांग."

"तुझ्या भावाचं? तो बिअरसुद्धा घेत नाही."

"वल्लरी, हळू बोल. माझा सिक्युरिटी क्लिअरन्स रिन्यू व्हायचाय. दारूवर उपचार चाललेत हे कळलं, तर गोपनीय फायलींना हात लावू देणार नाहीत."

"आणि रोज पितोस ते चालतं, श्रीपाद?"

"ते कुठं कागदावर आहे, यार?"

"तुला गुपितं सांभाळायला क्लिअरन्स लागतो. तुझं गुपित मी अकरा वर्षं सांभाळतेय, माझी कुणी चौकशी केली?"

"मरीज़ का नाम?" खिडकीतून कारकुनानं विचारलं. वल्लरी पुढे झाली.

"श्रीपाद दत्तात्रय गोरवाडकर. स्पेलिंग बताऊँ?"