रिकामी बादली

बस गं, बस — या आंब्याखाली बसायला कोण नको म्हणतंय? सातवा ना? दिसतोच. नर्सबाई म्हणतात रोज चाल, आणि सासू म्हणते पोट घेऊन बिनकामाची भटकू नकोस — हेच ना? मला काय सांगतेस, मीही तेच म्हणायचे. आमच्या म्झिम्बा जिल्ह्यात रिकाम्या हातांनी फिरणारी गरोदर बाई कोणी पाहिलीय? शेंगा घे, ताज्या आहेत.

माझी सून तिवोंगे, हुशार पोर. तिनं काय करावं? रोज सकाळी बादली डोक्यावर घ्यायची आणि हापशापर्यंत जाऊन यायची. बादली दिसली की कोण विचारतंय — सगळ्यांना वाटायचं, पाण्याला चाललीय. येताना गुणगुणायची. कंबर दुखायची थांबली होती, झोप लागत होती — मला दिसत होतं गं, दिसत नव्हतं असं नाही. पण एक दिवस मी बादलीत डोकावले. कोरडी ठणठणीत. म्हटलं, अस्सं? सासूला फसवतेस? जातेच आहेस तर भरून आण. आणि आणली तिनं — चढावरून, काठोकाठ, रोज. मी अंगणात बसून बघायचे. आम्ही नाही का वाहिलं पाणी, म्हणायचे. नववा लागला तरी — नाही, थांब म्हटलं नाही मी.

पडली. हापशाजवळच्या चिखलात, भरल्या बादलीसकट. मुलगी होती. रडलीच नाही ती. तिवोंगे माहेरी गेली. माझा लेक दोनदा आणायला जाऊन आला, ती दारातसुद्धा आली नाही. आणि गावानं विचारलं तेव्हा मी काय सांगितलं? चालण्यानं झालं म्हणून. नर्सचं ऐकून चालत सुटली, म्हणून गेलं लेकरू. पाण्याचं नाव काढलं नाही मी. मग बायकांनी आपापल्या सुनांना घरात बसवलं. तुझी सासू उगाच नाही घाबरत, पोरी — तिला मीच सांगितलंय, तिच्याच अंगणात बसून, डोळ्यांत पाणी आणून.

अशी बघू नकोस माझ्याकडे. रोज ठरवते, जाऊन खरं सांगावं तुझ्या सासूला. पाय उचलत नाहीत.

ती बादली घे, भिंतीशी आहे ती. तिवोंगेचीच आहे. डोक्यावर ठेवलीस की कोणी काही विचारणार नाही. हापशापर्यंत जा आणि ये. भरू नकोस — कोणीही सांगितलं तरी. जा आता, ऊन चढतंय. जा म्हटलं ना.