लिंबू, पिन आणि विठूचं ढिलं हँडल

...आणि वर म्हणे चायनाचा माल. नाही, तुम्हीच सांगा, दसऱ्याच्या सकाळपर्यंत जी गाडी तुरुतुरु चालत होती ती दुसऱ्या दिवशी एकदम चायनाची कशी झाली? तुम्हाला सांगते, आमच्या घरात एखादी वस्तू बिघडली ना, की ती आधी चायनाची होते, मग "पूर्वीसारखी क्वालिटी राहिली नाही"ची होते, मग तिला नजर लागते, आणि या सगळ्या धावपळीत ती दुरुस्त तेवढी होत नाही. पण मी काही बोलले नाही. नवीन आहे ना.

गाडी म्हणजे विठूची. विठू म्हणजे माझ्या नणंदेचा, नीलमताईंचा मुलगा, वय पहिलीतलं आणि आवाज भाजीवाल्याचा. त्याची ती बॅटरीवरची चार चाकी बाईक, क्वाड बाईक म्हणतात तिला, वर मोटरसायकलचं हँडल आणि खाली ट्रॅक्टरसारखी जाडजूड चाकं. नीलमताईंच्या भाईंदर पूर्वेच्या बिल्डिंगीत माणूस आडवा चालतो, तिथे गाडी कुठे ठेवणार, म्हणून ती आमच्या बेव्हर्ली पार्कच्या कंपाउंडात. रविवारी विठूचा वाढदिवस, त्याने अख्ख्या वर्गाला सांगून ठेवलेलं की राउंड मारून दाखवतो. आणि शुक्रवारी काय, तर हँडल वळतंय डावीकडे, चाकं जातायत सरळ, आणि विठू थेट तळमजल्यावरच्या लिनेट आंटींच्या कुंड्यांत! आंटी उत्तनच्या, समुद्रकाठच्या गावातल्या, बोलीही तिकडचीच. बाहेर येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो बाय, ही गाडी हाय का रेडा? आज कुंडी हाय म्हणून पोर थांबला. उद्या गेट उघडा असला तर?"

मी आधी गेटची कडी बघून आले. कारण गेटपासून रस्त्यापर्यंत उतार आणि रस्त्यावर दिवसभर पाण्याचे टँकर. आणि कारण मला माहीत होतं काय झालंय ते.

दसऱ्याला गाड्यांची पूजा होती. स्वप्नीलची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, स्कूटर झाली, मग विठूची बाईक. मी ताट धरून उभी. हँडलला झेंडूची माळ, पुढे आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, आता लिंबू-मिरची बांधायची कुठे? बाबा, म्हणजे सासरे, खाली वाकले. हँडलचा दांडा जिथे खाली चाकांच्या जोडाला मिळतो तिथे एक नट, आणि तो नट फिरू नये म्हणून दांड्यातून आरपार घातलेली एक पिन, हेअरपिनसारखी दोन पायांची. बाबा म्हणाले, "वा, भोक तयारच आहे, उगाच काहीतरी अडकवून ठेवलंय." काढली पिन, ओवला दोरा, लोंबलं लिंबू. आणि पिन? पिन त्यांनी लेंग्याला पुसली आणि तिने कान कोरायला लागले.

तेव्हाच मी तोंड उघडलं होतं हो. "बाबा, ती..." तर आई म्हणाल्या, "आरती घे गं आधी, निरांजन विझेल." मी आरती घेतली.

मग शनिवारी बसली मीटिंग. मधोमध गाडी, भोवती सगळं घर. नीलमताई रडकुंडीला आलेल्या, "चंदननी एवढ्या हौसेने आणलीय, आता तो उद्या येऊन म्हणणार, तुझ्या माहेरी एक वस्तू धड राहत नाही." जावयाचं नाव निघालं म्हणजे आमचं घर कसं सावध होतं, विचारू नका. स्वप्नील इंजिनिअर. त्याने मोबाइलवर व्हिडिओ लावला, तो कुठल्या भाषेत होता देव जाणे, आणि वरचे होते-नव्हते ते सगळे बोल्ट आवळले. वरचे. मी म्हटलं, "स्वप्नील, ऐक ना, खाली..." "थांब गं, मेन पार्ट आलाय." मग नया नगरच्या गॅरेजवाल्याला फोन, तो म्हणाला, "भाई, खिलौना हम नहीं करते." मग कंपनीला फोन, ती बाई म्हणाली, बंद करून परत चालू करून बघा. हँडल! बंद करून चालू!

आणि बाबा खुर्चीत बसून, एक डोळा मिटून, त्याच पिनेने कान कोरतायत आणि म्हणतायत, "काहीतरी पार्ट मिसिंग असणार याच्यात. मी पहिल्यापासून सांगतोय, चायना." तुम्ही असतात तर काय केलं असतंत? घरात आल्याला जेमतेम चार सण झालेत, आणि लेकीसमोर सासऱ्याला सांगायचं की मिसिंग पार्ट तुमच्या कानात आहे?

शेवटी आईंनी निकाल दिला, नजर लागली. त्याच दोऱ्याला अजून एक लिंबू, मोठं.

रविवारी पोरं जमली. विठू हेल्मेट घालून बसला, चावी फिरवली, आणि गेट, तुम्हाला सांगते, सताड उघडं, केक यायचा होता म्हणून. मी आयुष्यात पहिल्यांदा सासरी ओरडले. "थांबा!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता? खरं सांगावं तर चंदन भावोजी शेजारीच उभे. आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आई, आमच्या माहेरी लिंबू खाली बांधत नाहीत, उलटतं. वर बांधतात, हँडलला. आणि खालच्या भोकात लोखंड घालतात. नजरेला लोखंड लागतं. त्याआधी तो नट पान्याने फिरवायचा, प्रदक्षिणा घालतो त्या दिशेने, जाईल तिथवर."

दोन दिवस सांगत होते तर कोणी ऐकत नव्हतं, आणि ही थाप अशी ऐकली जशी काही आकाशवाणी. इंजिनिअर गाडीखाली शिरला, प्रदक्षिणेच्या दिशेने नट आवळला. आई म्हणाल्या, "आता लोखंड कुठलं घ्यायचं गं?" मी मान खाली घालून म्हटलं, "बाबांच्या हातात आहे ना, ते चालेल."

बसली पिन. चाकं हँडलचं ऐकायला लागली, विठूने राउंड मारला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, लिनेट आंटींनी घाईघाईने आत नेलेल्या कुंड्या परत बाहेर ठेवल्या. चंदन भावोजी म्हणाले, "मेंटेन छान केलीय हां गाडी." बाबा म्हणाले, "मग!"

आता परिणाम ऐका. सोसायटीभर झालं की गुणवंतरावांच्या, म्हणजे बाबांच्या, सुनेच्या हाताला गुण आहे. काल दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मिक्सर घेऊन आल्या, हळद-कुंकवासकट. मी सांगून पाहिलं, अहो, नजर नव्हती, पिन होती. तर म्हणाल्या, "बघा, मोठेपणा घेत नाही मुलगी." मी मिक्सर ठेवून घेतला.

आणि आज सकाळी बघते तर बाबा गॅलरीत बसलेत, एक डोळा मिटून, पुन्हा कान कोरतायत. पिन नवी कोरी. म्हटलं, "बाबा, ही कुठली?" "ही? स्वप्नीलच्या स्कूटरला खाली उगाच अडकवून ठेवली होती."

येते हं मी. लिंबू आणायचंय.