मेला आणि जिवंत

ठक्.

क्षमा करा, संबोधनाआधी तो जुना आवाजच ओठांवर आला. सन्माननीय अध्यक्ष गोवर्धनशेठ, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती लवू आणि भाईंदरच्या माझ्या बंधुभगिनींनो,

लवू पुण्याला कारखान्यात नोकरीला चाललाय. उद्या त्याचा निरोपाचा कबड्डी सामना. जन्मभर मुलांना कविता शिकवल्या, म्हणून चार गोड शब्द बोलायला मला बोलावलंत. पण आज गोड शब्द सुचत नाहीत. मला भीती वाटतेय.

गेल्या रविवारी चढाईत लवूचं डोकं दुसऱ्याच्या डोक्यावर आदळलं. शेठ हसून म्हणाले, "टेंगूळपण नाही, चालतंय." गुरुवारी सरावात पुन्हा तेच. काल तो बायकोला, मंदाला घेऊन माझ्या घरी आला. "गुरुजी, भाषण लांब न्हाय ना?" मी म्हटलं, नाही रे. चहा संपायच्या आत त्यानं तेच पुन्हा विचारलं. मंदा आधी हसली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

तो आवाज मी पासष्ट साली ऐकलाय, मिठागराच्या बांधालगतच्या मैदानात. आपला विठू पडला, उठला, माती झटकून म्हणाला, "काय न्हाय झाला." पुढच्याच रविवारी खेळला. दुसरा धक्का इतका हलका, की पंचानं शिट्टीही वाजवली नाही. त्यानंतर विठूला स्वतःच्या घराची वाट सापडेना. अजूनही त्याची बायको शेवंती त्याला हात धरून नेते-आणते.

बाद गड्याला आपण 'मेला' म्हणतो. साथीदारानं गडी टिपला, की तो लगेच 'जिवंत'. किती सोपं, नाही? पण डोक्याला हा नियम कोणी शिकवला? कवितेच्या ओळीत यती असतो, क्षणभर थांबायची जागा. ती चुकली, की पुढची सगळी ओळ लंगडते. डॉक्टरही सांगतात, पहिला मार भरून यायच्या आत दुसरा नको. दुखायचं थांबलं तरी काही आठवडे बाहेर बसा. शेठ, मैदानात मंडप उभा राहिलाय, ठाऊक आहे मला. तरी विनवतोय.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. शुभप्रसंगी अशुभ बोललो असेन, तर म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून पोटात घाला...

दारात कोण? शेवंती? विठूला घेऊन?

"ऐकना न्हाय गुरुजी. सकालपासून खेलाची चड्डी घालून बसलाय."

ये विठू, ये. काय विचारतोयस?

"मी जिवंत झालो का?"

लवू, तू का उठलास? काय म्हणालास त्याला? इकडे माईकजवळ ये, शेठना ऐकू दे.

"न्हाय, विठूदादा. आपून दोगंबी मेलेले. उद्या भायेरच बसू."