दादाचा लढाईचा पिक्चर

अरे भिया, आमच्या दादानं लढाईच्या एका पिक्चरमध्ये काम केलं होतं. म्हणजे, केलं होतं असं तो म्हणायचा. शूटिंग महूला झालं, मध्य प्रदेश तेव्हा नवा नवा होता. पिक्चर असा गाजला की आम्ही तो चार वेळा बघितला, पण दादा काही दिसला नाही. मग आम्ही त्याला सरळ थापाड्याच म्हणायला लागलो.

काही वर्षांनी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला मी महूच्या एका स्टुडिओत गेलो. मालक जुनी खोकी आवरत होते. दादाच्या त्या पिक्चरच्या शूटिंगचे फोटो त्यांनीच काढले होते. चाळता चाळता एक हाती आला. अख्खं मैदान मेलेल्या सैनिकांनी भरलेलं, आणि मधोमध एकटा दादा, बंदूक घेऊन ताठ उभा!

"अरे, हा तर माझा भाऊ!"

"ये आपके भाई हैं?" मालक हसायला लागले. "डायरेक्टर चिल्लाता रहा, अबे गिर! गिरे ही नहीं. पूरा सीन काटना पड़ा."

फोटो घेऊन घरी आलो. म्हटलं, "दादा, पडला का नाहीस रे?"

"आईनं शपथ घातली होती. खोटं खोटंसुद्धा मरायचं नाही म्हणून."

आम्ही हसून हसून लोटपोट. आईनं मात्र चष्मा लावला, फोटो हातात घेतला आणि पडलेल्या एकेका पोरावरनं बोट फिरवत राहिली.

मग हळूच म्हणाली, "ह्यांच्या आयांनी नव्हती का रे घातली?"