तांडेलकाकांनी खांदा धरला

"...तर आपले तांडेलकाका म्हणे वॉर्डातच पिऊन..." एवढंच बाजारात माझ्या कानावर पडलं आणि मला बघताच कोळणी गप्प झाल्या. मग काय, घेतलेली सुरमई परत ठेवली नि रिक्षाने थेट हॉस्पिटल गाठलं; आमच्या शेजारचे हे काका ब्लडप्रेशरसाठी तिथे भरती झालेले.

काकांनी लेकीच्या लग्नात दारू सोडलेली. "परत प्यायलात तर मी गुहागरला लेकीकडे जाईन," असं काकींनी तेव्हाच बजावलेलं. बघते तर काकी पिशवी भरून बसलेल्या, काकांच्या कपाळाला पट्टी. शेजारच्या खाटेवाल्याने काकांना झोकांड्या खाताना बघितलं, तोच सांगत सुटलेला.

मी नर्सबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "दारू कसली! ब्लडप्रेशरची नवीन गोळी, त्यात झोपेची. एकदम उठलं की चक्कर येते. बेल दाबा म्हणून सांगितलं होतं."

"लघवीला जायला पोरीबाळींना बोलवू?" काका गुरगुरले. "वादळात कधी दोरी धरली नाय मी!"

ते मात्र खरं. आम्ही लहानपणी बंदरावर बघत राहायचो. होडी हेलकावे खात यायची आणि काका पुढच्या टोकाला कमरेवर हात ठेवून ताठ उभे.

काकींनी पिशवी खाली ठेवली. "ही होडी नाय. आधी बसा, मग उठा," म्हणत खांदा पुढे केला. काकांनी मुकाट धरला.

बाजारात जाऊन मी सांगितलं, "पडले हे खरं, प्यायले हे खोटं." ते सगळ्यांना पटलं. काकांनी खांदा धरला, हे मात्र कोणालाच पटेना.